दर्याची घुसळण मंदावली की मासळीचं काय होतं

"औंदा पाणीच थंड जाला नाय गो, मासळी येतली खंयसून?"

मालवणच्या बाजारात बांगड्याचा वाटा घेताना एका काकीने मला हे सांगितलं त्याला काही वर्षं झाली. तेव्हा मी नुसती मान हलवली आणि पिशवी उचलून घरी आले. पुढे समुद्राबद्दल वाचायला लागले, जमेल तिथे शास्त्रज्ञांची व्याख्यानं ऐकली, आणि हळूहळू कळत गेलं की काकीच्या त्या एका वाक्यात जवळजवळ सगळा विषय आला होता. पाणी थंड व्हावं लागतं. ते वेळेवर थंड झालं नाही तर मासळीचं सगळं गणित बिघडतं, आणि ते का बिघडतं हे एकदा नीट कळलं की सकाळच्या बाजारातला भाव, रापणीत न लागणारी मासळी, मे महिन्यातलं वादळ, हिवाळ्यात रात्री चमकणाऱ्या निळ्या लाटा, हे सगळं एकाच दोरीत बांधलेलं दिसायला लागतं.

आधी एक समज काढून टाकूया. समुद्र म्हणजे एक मोठं भांडं आणि त्यात वरपासून तळापर्यंत एकसारखं पाणी, असं आपल्याला किनाऱ्यावर उभं राहून वाटतं, पण तसं नसतं. पाण्याचे थर असतात. वर ऊन लागलेलं, कोमट, हलकं पाणी असतं आणि त्याच्या खाली थंड, जड पाणी. आता गंमत बघा, वरच्या थरात ऊन भरपूर आहे पण खत नाही, आणि खालच्या थरात खत भरपूर आहे पण ऊन पोचत नाही. खत म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट वगैरे, शेतात आपण जे टाकतो तेच. समुद्रात जे काही मरतं, मासे, शेवाळ, बारीक जीव, ते सगळं हळूहळू खाली जातं, तिथे कुजतं आणि त्याचं खत खालीच साठून राहतं.

आणि समुद्रातलं गवत, म्हणजे प्लवक, डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या बारीक वनस्पती, त्यांना ऊन आणि खत दोन्ही एका जागी लागतं. ते मिळालं की त्या दोन-चार दिवसांत दुपटीने वाढतात, त्यांना बारीक जीव खातात, त्या जीवांना तारली, बांगडा, मांदेली खातात, त्यांना सुरमई आणि टुना खातात, आणि शेवटी आपण. म्हणजे ही सगळी साखळी एकाच गोष्टीवर टांगलेली आहे, ती म्हणजे खालचं पाणी वर येणं. ताक घुसळताना रवी फिरली तरच लोणी वर येतं ना, तसंच. रवी थांबली तर ताक आहे तिथे आहे, पण लोणी नाही.

अरबी समुद्राची रवी वर्षातून दोनदा फिरते, आणि म्हणूनच तो जगातल्या चांगल्या मासळीच्या समुद्रांपैकी एक आहे. एकदा पावसाळ्यात. नैऋत्येचे वारे जोरात वाहतात, वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर खोल समुद्राकडे ढकललं जातं, आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड, खताचं पाणी वर येतं. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला हे फार जोरात होतं, आपल्याकडे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला होतं, आणि जसं उत्तरेकडे गोवा-कोकणात यावं तसा त्याचा जोर कमी होतो. दुसऱ्यांदा हिवाळ्यात. हिमालयाकडून थंड कोरडे वारे येतात, उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी त्याने थंड होतं, थंड झालं की जड होतं, जड झालं की खाली बुडतं आणि खालचं वर येतं. पहिल्या वेळी वारा पाणी ढकलतो, दुसऱ्या वेळी थंडी पाणी बुडवते. मालवणच्या समोर ही हिवाळी घुसळण गुजरातच्या बाहेरच्या समुद्राइतकी जोरदार नसते हे खरं, पण काकी जे म्हणत होती त्याचं मूळ इथे आहे. पाणी थंड होणं म्हणजे दर्याने कूस बदलणं.

आता यात हवामान बदल कुठे आला?

आपण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत जी उष्णता अडकवतोय, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्र गिळतो. आपल्याला उन्हाळा वाढल्यासारखा वाटतो तो उरलेल्या थोड्याशा उष्णतेमुळे. पुण्यात पाषाणला आयआयटीएम आहे, उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था, तिथले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली दाखवलं की पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळ्यातलं वरचं पाणी १९०१ ते २०१२ या काळात साधारण १.२ अंशाने तापलंय. एक अंश ऐकायला काहीच वाटत नाही, मलाही वाटलं नव्हतं. पण आपल्याला अंगात एक-दीड डिग्री ताप चढला की आपण अंथरूण धरतो, आणि इथे तर अख्ख्या समुद्राबद्दल बोलतोय.

हिंदी महासागर जास्त का तापतो याचं कारण नकाशात दिसतं. अटलांटिक आणि पॅसिफिक उत्तरेला ध्रुवाकडे जातात, त्यांना उष्णता तिकडे सोडायला वाट आहे. आपल्या समुद्राला उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. शिवाय इंडोनेशियाच्या बेटांमधल्या फटींतून पॅसिफिकचं गरम पाणी आपल्याकडे येत राहतं. म्हणजे येणारी उष्णता भरपूर आणि बाहेर पडायला वाट फक्त दक्षिणेला. खोलीला एकच खिडकी असली आणि चूल पेटलेली असली की काय होतं ते सांगायला नको.

आणि वरचं पाणी तापलं की काय होतं, तर ते आणखी हलकं होतं, खालच्या थंड पाण्यावर गोधडीसारखं पसरून बसतं, आणि वाऱ्याला ते हलवायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो. रवी तीच पण ताक घट्ट झालं असं समजा. खत खाली अडकून राहतं. आयआयटीएमच्याच लोकांनी २०१६ मध्ये लिहिलं की पश्चिम हिंदी महासागरात मागच्या साठेक वर्षांत प्लवक २० टक्क्यांपर्यंत कमी झालं असावं. माझ्या मते मासळीबद्दलच्या सगळ्या चर्चेत हा आकडा सगळ्यात जास्त काळजी करायला लावणारा आहे, कारण ट्रॉलर, जाळी, बंदी, भाव, सगळं त्याच्या नंतर येतं. कुरणच आटलं तर गुरं किती आणि कोणाची यावर भांडून काय होणार.

तारलीची गोष्ट यात सगळ्यात बोलकी आहे. तारली, गोव्यात तारले, केरळात मत्ती. हा मासा थेट प्लवकावर जगतो आणि वर्षभरात मोठा होऊन अंडी घालतो, म्हणजे समुद्रात या वर्षी काय घडलं त्याचा हिशोब पुढच्याच वर्षी जाळ्यात दिसतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या नोंदीत २०१२ साली एकट्या केरळात जवळपास ३.९ लाख टन तारली निघाली होती. २०२१ मध्ये किती? साधारण ३,३०० टन. लाख नाही, हजार. केरळातल्या गरिबाच्या घरातला रोजचा मासा होता तो, तोच नऊ वर्षांत दिसेनासा झाला, आणि त्यावर जगणारी हजारो लहान होड्यांची घरं अडचणीत आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तारली आधीही अशी गायब झालेली आहे, १९४० च्या दशकात आणि पुन्हा १९९४ च्या आसपास. हा मासा मुळातच चढउतारांचा आहे. पण संशोधक २०१५-१६ च्या जोरदार एल निनोकडे, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या घटनेकडे, बोट दाखवतात, पाणी तापलं, पावसाळी घुसळण बिघडली, आणि त्यातच अंडी घालायच्या आधीच पिल्लं पकडली गेली. म्हणजे मासा नैसर्गिकपणे खाली आलेला असताना आपण त्याच्यावर दोन्ही बाजूंनी भार टाकला. आणि २०२३ मध्ये तारली परत आली, केरळात १.३८ लाख टन निघाली, लोकांना आनंद झाला, पण त्यानंतरच्या काळात जाळ्यात खूप मासा आला तरी तो अंगाने खुरटलेला होता. भरपूर पोरं आणि ताटात थोडंच अन्न असं झालं की जे होतं तेच.

दुसरी गोष्ट अशी की तारली पूर्वी मुख्यत्वे केरळ-कर्नाटकाच्या पट्ट्यात असायची, ती १९८५ नंतर उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावरही जास्त दिसू लागली. बांगड्याचंही तसंच, तो उत्तरेकडे सरकला आणि खालीही सरकला. माशाला आपल्यासारखं शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, बाहेर पाणी जेवढं तेवढंच त्याचं अंग. पाणी तापलं की त्याला दोनच वाटा, थंड प्रदेशाकडे जाणं किंवा थंड खोलीकडे जाणं. सीएमएफआरआयच्या अभ्यासात असं दिसलं की पूर्वी बांगडा बहुतेक वरच्या पाण्यात पकडला जायचा आणि नंतर तळाशी ओढणाऱ्या ट्रॉल जाळ्यांमध्ये त्याचा वाटा वाढला.

हे नुसतं जीवशास्त्र वाटतं पण यात पैसा कोणाकडून कोणाकडे गेला ते बघा. आमच्याकडे रापण असते, किनाऱ्यावरून होडीने अर्धगोल जाळं टाकायचं आणि मग वाडीतली माणसं दोन्ही टोकांना धरून ते वाळूवर ओढतात. रापणीला मासा किनाऱ्याजवळ आणि वरच्या पाण्यात यावा लागतो. तो दहा-वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खाली गेला की रापणकराला तो दिसतही नाही, आणि ज्याच्याकडे मोठं इंजिन, मोठं जाळं, मासे शोधायचं यंत्र आहे त्याला तो मिळतो. म्हणजे समुद्र तापल्याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, ज्यांनी सगळ्यात कमी डिझेल जाळलं त्यांना तो आधी बसतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं आणि यावर पुरेसं बोललं जात नाही.

आता हिवाळ्याच्या रवीकडे येऊ, कारण तिथे एक वेगळंच प्रकरण घडतंय.

तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील, कोकणातल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात रात्री लाटा फुटताना निळ्या चमकतात, लोक लांबून बघायला येतात. दिसायला खरंच सुंदर असतं, मी स्वतः पाहिलंय, पाण्यात हात घातला तरी बोटांभोवती उजेड होतो. हे बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या एका बारीक जीवाचं काम असतं. उत्तर अरबी समुद्रात याचा जो प्रकार सापडतो तो आतून हिरवा असतो, त्याच्या पोटात बारीक हिरवे पाहुणे राहतात जे उन्हावर अन्न बनवतात, आणि हा स्वतः दुसऱ्या प्लवकालाही खातो. म्हणजे शेतीही करतो आणि शिकारही करतो. खत कमी पडलं तरी याचं भागतं, साध्या प्लवकाचं भागत नाही.

मूळचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले आणि नंतर अमेरिकेत काम करणारे जोकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी हे प्रकरण बरीच वर्षं धरून ठेवलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हिमालय आणि तिबेटच्या पठारावरचा बर्फ कमी होतोय, त्यामुळे हिवाळ्यात तिकडून येणारे वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत, ते समुद्राला नीट थंड करत नाहीत, हिवाळी घुसळण कमकुवत होते, खत वर येत नाही, आणि मग ज्याला खताची गरज कमी तो नॉक्टिल्युका मैदान मारतो. २००० सालाच्या आधी उत्तर अरबी समुद्रात याच्या एवढ्या मोठ्या बहराच्या नोंदी नव्हत्या, आता दर हिवाळ्यात ओमानपासून भारतापर्यंत उपग्रहातून हिरवे पट्टे दिसतात. यात ऑक्सिजन कमी होण्याचा नक्की किती हात आहे याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे आणि तो असू द्या, पण मासळीच्या दृष्टीने मुद्दा हा की नॉक्टिल्युकाला आपले खायचे मासे फारसे खात नाहीत, त्याला खातात ती जेलीफिश आणि साल्प नावाचे पारदर्शक लिबलिबीत जीव. म्हणजे ज्या कुरणावर बांगडा चरायचा तिथे आता जेलीफिश चरते. जाळं भरून वर येतं आणि आत सगळी जेलीफिश, जाळं फाटतं, हात सोलवटतात, आणि बाजारात त्याचे पैसे होत नाहीत.

ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे तर तोही बघूया, कारण अरबी समुद्रात हे दुखणं जुनं आहे. साधारण दीडशे-दोनशे मीटर खोलीपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत आपल्या समुद्रात एक जाड थर आहे ज्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. जगातल्या सगळ्यात मोठ्या अशा थरांपैकी हा एक. कारण वरून भरपूर मेलेलं प्लवक खाली येतं, ते कुजताना ऑक्सिजन संपतो, आणि वरून नवीन हवा खाली जायला घुसळण पुरेशी नाही. हे निसर्गतः आहे, आपण केलेलं नाही. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि गोधडी जाड झाली की खाली जाणारी हवा आणखी कमी. शिवाय माशाची अडचण अशी की पाणी गरम झालं की त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, धावल्यावर आपल्याला लागतो तसा. मागणी वाढली आणि पुरवठा कमी झाला.

पावसाळ्यात वर येणारं पाणी याच थराच्या वरच्या बाजूचं असतं, म्हणजे खत घेऊन येतं पण ऑक्सिजन घेऊन येत नाही. गोव्याच्या समोर तर आणखी एक गोष्ट होते, नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी समुद्रावर पाच-दहा मीटर जाडीचं झाकण घालतं, आणि वर येऊ बघणारं पाणी त्याच्या खाली अडकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे तळाजवळच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ शून्यावर येतो, दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००० साली जगासमोर मांडलं. त्या दिवसांत तळाला राहणारी कोळंबी आणि मासे जिथे श्वास घेता येईल तिथे पळतात, उथळ पाण्यात गोळा होतात, कधी कधी त्यामुळे दोन दिवस जाळी भरभरून येतात आणि सगळे खूश होतात, पण तो हंगाम नसतो, ती पळापळ असते. हे वाचल्यापासून अचानक स्वस्त झालेली कोळंबी दिसली की मी आधी महिना कुठला ते बघते.

हे झालं पाण्याखालचं. पाण्यावर जे चाललंय ते तर सगळ्यांनीच पाहिलंय.

अरबी समुद्र वादळांच्या बाबतीत शांत समजला जायचा, चक्रीवादळं म्हणजे बंगालचा उपसागर, ओडिशा, आंध्र. आयआयटीएमच्या एका अभ्यासात १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ असे दोन काळ ताडून बघितले तर अरबी समुद्रात वादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली आणि ती टिकण्याचा काळ ८० टक्क्यांनी वाढला. वादळाला इंधन लागतं ते गरम पाण्याचं, आणि नुसतं वरचं चार बोटं पाणी गरम असून चालत नाही, कारण वादळ स्वतःच पाणी घुसळतं आणि खालून थंड पाणी वर आलं की त्याचा जोर ओसरतो. आता गरम थरच जाड झालाय, त्यामुळे वादळाने कितीही घुसळलं तरी वर गरमच पाणी येतं. ज्या जाड गोधडीमुळे मासळीला खत मिळत नाही त्याच गोधडीवर वादळ पोसलं जातं.

२०१९ मध्ये अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आणि महा ही दोन एकाच वेळी समुद्रात होती, असं आधी कधी नोंदलंच गेलं नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते आख्ख्या कोकण किनाऱ्याला घासत गुजरातला गेलं. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरमधलं ओखी आठवा, केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ माणसांसकट भरकटत आमच्या देवगडला येऊन लागल्या होत्या. ते बचावले. केरळ-तामिळनाडूतली कितीतरी माणसं घरी परत गेलीच नाहीत.

पण वादळ थेट न येताही मच्छिमाराचं नुकसान करतं, आणि ते बातम्यांत दिसत नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की बोटी आत. वादळ शेवटी ओमानला जाऊ दे नाहीतर समुद्रातच विरू दे, इथे आठ दिवस गेले ते गेले. १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदी असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचे जे महिने मिळतात त्यात वर्षाची अर्धी कमाई होते. नेमकी त्याच महिन्यांत वादळं आली तर? बोटीचं कर्ज, डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, यातलं काहीच बावट्यासाठी थांबत नाही. २०१९ ची महाराष्ट्राची आकडेवारी बघितली की हे कळतं, सीएमएफआरआयच्या हिशोबात आदल्या वर्षी २.९५ लाख टन मासळी निघाली होती ती २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. त्यात समुद्रात मासाच नव्हता असं नाही, मासा असला तरी समुद्रात जायला दिवसच मिळाले नाहीत हा मोठा भाग होता.

आणि सुकी मासळी. वर्सोवा, उत्तन, अर्नाळा, सातपाटी या बाजूला बांबूच्या मांडवावर बोंबील जोडीजोडीने टांगून वाळवतात, त्याला दोन-तीन दिवस कडक ऊन आणि कोरडा वारा लागतो. बोंबलात पाणीच इतकं असतं की एक रात्र पाऊस पडला की तो काळा पडतो आणि त्याला कीड लागते, मग तो खतात जातो. अवकाळी पाऊस पूर्वीही पडायचा पण आता नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही समुद्रात काहीतरी तयार झालेलंच असतं. हे काम जवळजवळ सगळं बायकांच्या हातात आहे, नुकसान त्यांचं होतं, आणि बोट बुडाली तर पंचनामा होतो पण भिजलेल्या बोंबलाचा पंचनामा करून घ्यायला त्यांना किती खेटे घालावे लागतात हे त्यांनाच विचारा.

बाकीच्या गोष्टी मी पटकन सांगते, त्या लहान आहेत म्हणून नाही, तर प्रत्येकीवर वेगळं लिहावं लागेल म्हणून. समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतो, आपण सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा, आणि त्याने पाणी किंचित आंबटपणाकडे झुकतं, तिसऱ्या, कालवं, शिंपल्या अशा कवच बांधणाऱ्या जीवांना कवच बांधायला जड जातं. समुद्रातही उष्णतेच्या लाटा येतात, आठवडेच्या आठवडे पाणी नेहमीपेक्षा खूप गरम राहतं, पश्चिम हिंदी महासागरात १९८२ ते २०१८ मध्ये अशा ६६ लाटा मोजल्या गेल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं अशाच लाटेत पांढरीफटक पडली, आणि प्रवाळ गेलं की त्याच्या आसऱ्याने वाढणारी पिल्लंही जातात.

आता एक बोलणं गावात ऐकू येतं ते असं की हे सगळं हवामान बदलामुळे, मग आपण काय करणार. आणि दुसऱ्या बाजूने म्हणतात हवामान वगैरे काही नाही, सगळं पर्ससीनने खाल्लं. मला दोन्ही अर्धवट वाटतं. पर्ससीन म्हणजे अख्खा थवा वेढून खालून थैलीसारखी दोरी ओढून घेणारं जाळं, त्यावर महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१६ पासून निर्बंध आहेत, रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, आणि तरी कोकणात रात्री समुद्राकडे बघितलं तर क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. ही जाळी वाईट आहेतच. पण ती आजच जास्त घातक का झाली, तर समुद्राची भरून काढायची ताकद कमी झाल्यामुळे. घुसळण चांगली असेल तर पुढच्या वर्षी मासा पुन्हा उभा राहतो. घुसळण मंद असताना तेवढीच मासळी काढली तर खड्डा पडतो. त्यामुळे समुद्र तापतोय म्हणून जाळ्यांचे नियम कमी महत्त्वाचे झाले असं नाही, उलट ते जास्त कडक पाळायला हवेत.

मदत मिळते ती कुठली, तर हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहातून दोन गोष्टी बघते, पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा. थंड आणि गरम पाणी जिथे भिडतं आणि जिथे प्लवक दिसतं तिथे मासा असण्याची शक्यता जास्त, मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश, खोली, बंदरापासूनचं अंतर असं रोज मच्छिमारांना कळवलं जातं, मराठीतही. पाणी थंड कुठे झालंय तेच शोधतात ते, काकी सांगत होती तेच, फक्त आकाशातून. याने शोधाशोधीचं डिझेल वाचतं हे नक्की. पण ही माहिती सगळ्यांना एकाच वेळी मिळते आणि तिथे आधी पोचतो तो मोठ्या इंजिनवाला, त्यामुळे लहान होडीसाठी किनाऱ्यापासूनचा पट्टा खरंच राखून ठेवला जातो का हा प्रश्न तसाच राहतो. आणि बावट्यामुळे बुडालेल्या दिवसांची भरपाई दर वेळी मोर्चा काढून मागावी लागू नये, पीक विम्यासारखं काहीतरी कायमचं हवं, आणि त्यात वाळवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांचं नाव हवं.

आपल्या हातात बाजारातला एक भाग आहे. महाराष्ट्राने ४ सप्टेंबर २०२३ ला पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी ५४ प्रकारच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान पकडायचा नाही, विकायचा नाही. पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच, मोठ्या माणसाच्या पंजाहूनही लहान. मला तर हा आकारही कमीच वाटतो. तरी परवा बाजारात चार बोटांची पापलेटं पाटीभर होती, शंभरला वाटा, आणि घेणारे घेत होते. मी त्या बाईला म्हटलं, मावशी, ही अजून पिल्लं आहेत. ती म्हणाली, "माहीत आहे गं, पण आज बोटीला हेच लागलं, मी नाही घेतलं तर शेजारची घेईल." मग बर्फाखालून दुसरी पाटी काढून तिने मला बांगडे दाखवले, टपोरे, डोळे चकचकीत, म्हणाली हे घे, काल रात्री गार वारा सुटला होता.